पैठणनगरीत आपले स्वागत
(माती परीक्षण परिषद : स्वागताध्यक्षांचे भाषण)

अध्यक्ष महोदय, परभणीहून आलेले शास्त्रज्ञ आणि शेतकरी बंधू-भगिनींनो,

सातवाहनांच्या राजधानीत आपले मनःपूर्वक स्वागत! पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहून ठेवले आहे. काल संभाजीनगरहून येतानाच काहींना तेवढे दिवस लागल्यासारखे वाटले असेल, तर रस्त्याच्या वतीने मी क्षमा मागतो.

नाथमहाराज, पैठणी, १९६५ साली शास्त्रीजींनी पायाभरणी केलेले जायकवाडी, हे सारे आपण जाणताच. मला बोलायचे आहे ते बाळासाहेब पाटलांविषयी. मणी, नाणी, मातीच्या मूर्ती असे या मातीतले धन त्यांनी ध्यास घेऊन गोळा केले. लोक सोने शोधतात, यांनी खापरे जपली! इथल्या शासकीय संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. पण आमच्या पोरांना विचारा, संग्रहालयाची वाट दाखवतील. बाळासाहेब कोण, ते सांगता येणार नाही.

परिषद स्फुरदाची आहे, अशी खूण संयोजक करत आहेत. अहो, संबंध आहे! जुन्या वस्तीची माती राख, शेण, हाडे मुरून स्फुरदाने समृद्ध होते. म्हणून तर पांढरीची माती गाड्या भरभरून रानात टाकत. (त्यासोबत किती नाणी गेली, देव जाणे.) उलट आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात डीएपीची गोणी टाकली, तर तिच्यातल्या २३ किलो स्फुरदापैकी बराचसा चुनाच अडकवून ठेवतो. तरी पुढच्या वर्षी आम्ही दुकानात जाऊन पुन्हा तेवढ्याच गोण्या मागतो! ओलसन पद्धतीत मातीचा अर्क जितका गडद निळा, तितका पिकाला मिळणारा स्फुरद जास्त, हे मी काल प्रयोगशाळेत पाहिले. जाणकारांपुढे याहून अधिक बोलत नाही.

आता उणिवा. भक्तनिवासात गरम पाणी सकाळी सहापर्यंतच मिळेल. पडद्यावर ऊन येते, ताडपत्री मागवली आहे. आमच्या उत्साही स्वयंसेवकांनी मातीचे काही नमुने खताच्या रिकाम्या गोण्यांतून आणले. तज्ज्ञांनी ते बाद केले. त्या शेतकऱ्यांना पुन्हा खड्डे घ्यावे लागतील, त्यांची विशेष माफी.

मंडप देणारे व्यापारी, मोसंबी पाठवणारे बागायतदार, भाकरी थापणाऱ्या माताभगिनी, जनरेटर देऊन डिझेलचेही पैसे न घेणारे आमचे मित्र, या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. देणगीदारांची यादी फलकावर आहे. कुणाचे नाव राहिले असल्यास जेवणाआधी सांगावे. नंतर मी सापडणार नाही. कूपन मात्र जपून ठेवा, दुसरे मिळणार नाही.