उतारवय आणि दुसरी पत्नी

साठी उलटलेल्या पुरुषास एका पत्नीच्या हयातीत दुसरा विवाह करण्याची मोकळीक कायद्याने द्यावी काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. मुले पोटापाण्यासाठी पुण्याला वा हैदराबादला गेलेली, पत्नी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली, तांब्याभर पाणी देणारे घरात कोणी नाही. अशा गृहस्थाने पहिलीला न टाकता दुसरी आणली तर बिघडले कोठे, असे विचारणारे भेटतात. या प्रश्नामागील दुःख खरे आहे. त्याची टिंगल करून भागणार नाही.

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील चिंताकीसारख्या सीमेलगतच्या गावास हा विषय नवा नाही. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंपुरता द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. तो सोलापुरास लागू झाला; परंतु बीदर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सरहद्दीच्या अलीकडे जो रिवाज, तोच पलीकडे गुन्हा, ही स्थिती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने संपविली. पहिला जोडीदार हयात असता केलेला विवाह त्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरविला.

वयाच्या आधारे सवलत देण्याचा प्रयोगही आपल्या भाषेच्या मुलखात झालेला आहे. गोव्यात १८८० च्या पोर्तुगीज फर्मानाने, पत्नीस पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल किंवा तिसाव्यापर्यंत पुत्र न झाल्यास, हिंदू पुरुषास दुसऱ्या विवाहाची मुभा दिली. वय मोजले गेले पत्नीचे आणि सवलत मिळाली पतीला!

यावर कोणी म्हणेल, पहिल्या पत्नीची संमती घ्यावी. परंतु जिचे औषध, जेवण आणि डोक्यावरचे छप्पर पतीच्याच हाती आहे, तिच्या होकाराला संमती कसे म्हणावे? आणि जी नवी येईल ती सहचारिणी म्हणून येईल, की बिनपगारी शुश्रूषेसाठी? घरात आजारी माणूस असेल तर मदतनीस हवा, मुलांचा हातभार हवा. आईबापांच्या निर्वाहाचे बंधन तर २००७ च्या कायद्याने मुलांवर घातलेलेच आहे.

शिवाय, म्हातारपणी एकटे राहते कोण? २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या विधवा होत्या. त्याच वयाच्या पुरुषांत विधुरांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. म्हणजे सोबतीची गरज ज्यांना अधिक, त्यांच्या विवाहास कायद्याची आडकाठीच नाही. विवाहास कमाल वयाची अट नाही. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला होता. आज १९५६ च्या वारसा कायद्यान्वये तिला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा असतो आणि पुनर्विवाहाने तो जात नाही.

तरीही ती पाऊल उचलत नाही. मुलांना जमिनीच्या वाटणीची धास्ती वाटते आणि गाव विचारते, ‘या वयात हे शोभते का?’ साठीच्या विधुराने लग्न केले तर त्याची सोय झाली म्हणणारे आपण, साठीच्या विधवेने केले तर मान खाली घालतो.

तेव्हा सैल करावयाचा तो कायदा नव्हे. एकट्या वृद्धेने एकट्या वृद्धाचा हात धरला, तर तिच्या मुलांनी दारात उभे राहून दोघांचे स्वागत करावे, एवढे आपल्याला साधले तरी पुष्कळ झाले.