दोन ‘सेंट’ फोल्डर दिसतायत? डिलीट करण्याआधी हे ऐका

आजचा भाग छोटा आहे, पण हा प्रश्न घेऊन ऑफिसात कुणी ना कुणी लॅपटॉपसकट येऊन उभं राहतंच. थंडरबर्ड उघडलं की डावीकडे ‘सेंट’ आहे आणि खाली ‘सेंट आयटम्स’पण आहे. ‘ट्रॅश’ आहे, ‘डिलीटेड आयटम्स’ही आहे. क्लायंटला पाठवलेलं कोटेशन अर्ध्या वेळा इथे सापडतं, अर्ध्या वेळा तिथे. मग वैतागून माणूस जास्तीचा वाटणारा फोल्डर उडवायला निघतो.

तिथेच थांबा. अकाउंट आयमॅपवर असेल, तर हे फोल्डर नुसते तुमच्या लॅपटॉपवर नाहीत, ते सर्व्हरवर आहेत. इथून उडवला की फोनवरूनही गेला. थंडरबर्ड बहुतेक वेळा तो आधी ट्रॅशखाली नेऊन ठेवतं, पण ट्रॅश रिकामा केला की विषय संपला.

आता हे होतं का? आयमॅपमध्ये एकच नाव पक्कं ठरलेलं आहे, ‘इनबॉक्स’. बाकी नावं ज्याची त्याने ठेवलेली. थंडरबर्ड म्हणतं ‘सेंट’, आउटलुक म्हणतं ‘सेंट आयटम्स’. दोघं एकाच अकाउंटवर बसले की दोघांचे दोन संसार. यावर 2011 मध्ये आरएफसी 6154 नावाचं मानक आलं. त्यात सर्व्हर फोल्डरवर खूण करून सांगतो की पाठवलेले मेल इथे, कचरा तिथे. मग नाव काहीही असो. पण सर्व्हर आणि प्रोग्राम दोघांनाही ती खूण कळायला हवी. जुन्या सेटिंगची अकाउंट्स इथेच अडकतात.

मग करायचं काय? आधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा आणि तिथली यादी बघा. तिथे एकच फोल्डर असेल, तर गडबड बहुधा थंडरबर्डच्या यादीत आहे. अकाउंटवर राइट क्लिक करा, ‘सबस्क्राइब’ उघडा, नको त्या नावाची खूण काढा. याने मेल डिलीट होत नाही, फक्त नाव दिसायचं थांबतं.

वेबमेलमध्येही दोन असतील, तर एक चाचणी करा. एक फालतू मेल एका फोल्डरमध्ये हलवा आणि दुसऱ्यात डोकावा. तिथेही तोच दिसला, तर तो एकच फोल्डर दोन वाटांनी दिसतोय. काही होस्टिंग सर्व्हरवर सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात असतात, तिथे असं होऊ शकतं. अशा वेळी एक उडवला की दुसराही रिकामा! म्हणून ही चाचणी चुकवू नका.

दोन्ही खरोखर वेगळे निघाले, तर एक निवडा. शक्यतो वेबमेल स्वतः पाठवलेले मेल जिथे ठेवतं तोच. मग थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये जा. सेंट, ड्राफ्ट्स, आर्काइव्ह या प्रत्येकासाठी ‘अदर’ निवडून बरोबर फोल्डर दाखवा. ट्रॅशची सोय मात्र तिथे नाही, ती ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये आहे. लोक तिथेच चुकतात. फोनच्या अॅपमध्ये अशी सेटिंग असेल तर तिथेही तेच नाव द्या, नाहीतर दुसरा फोल्डर पुन्हा उगवेल.

आता जुने मेल. आधी सगळ्यांची एक प्रत ‘लोकल फोल्डर्स’मध्ये काढून ठेवा. मग थोडे थोडे करून हलवा, एकदम दहा हजार नको. दर वेळी वेबमेलमध्ये मेल पोचले का बघा. रिकामा झालेला फोल्डर आठवडाभर तसाच राहू द्या. त्यात नवीन काही पडलं नाही, तर खुशाल उडवा.

‘रिपेअर फोल्डर’ दाबून बघू का, असं बरेच जण विचारतात. ते बटण एका फोल्डरची अनुक्रमणिका नव्याने बांधतं. दोन फोल्डर एक करणं हे त्याचं कामच नाही.

जीमेलवाल्यांसाठी वेगळं. तिथे फोल्डर म्हणजे लेबल. एकच मेल ‘इनबॉक्स’मध्ये दिसतो आणि ‘ऑल मेल’मध्येही, म्हणून त्या दोन प्रती नव्हेत. ‘ऑल मेल’ साफ करायला गेलात आणि मेल ट्रॅशमध्ये टाकलेत, तर इनबॉक्समधूनही जातील. यादी नुसती लांब वाटत असेल, तर जीमेलच्या वेबवरच्या सेटिंग्जमध्ये ‘लेबल्स’मध्ये जाऊन ‘शो इन आयमॅप’ची खूण काढा. मेल जागेवरच राहतात.

तर क्रम लक्षात ठेवा: वेबमेल बघा, चाचणी करा, सेटिंग बदला, प्रत काढा, मेल हलवा. डिलीट सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे काही वेगळंच दिसत असेल तर फोल्डरच्या यादीचा फोटो पाठवा. पासवर्ड मात्र पाठवू नका, बरेच जण पाठवतात! भेटू पुढच्या भागात.