नाडीपरीक्षा आणि यंत्र
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



नाडीपरीक्षा संगणकावर नोंदविणारे यंत्र आपल्या रुग्णालयात आणावे, अशी सूचना काही देणगीदारांनी केली आहे. सूचनेमागील आस्था आम्हांस मोलाची वाटते. म्हणून तिचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आयुर्वेदात नाडीपरीक्षेचे स्पष्ट वर्णन शार्ङ्गधरसंहितेत आढळते. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त व अनामिकेखाली कफ पाहण्याचा प्रघात आहे. चिनी वैद्यही मनगटावर तीन स्थानी नाडी पाहतात. ली शिझेन यांनी १५६४ मध्ये नाडीचे २७ प्रकार वर्णिले. दोन्ही परंपरांत अडचण एकच आहे. वैद्याच्या बोटांना जे जाणवते, ते दुसऱ्यास दाखविता येत नाही.

ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रातही झाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची आय. आय. टी. येथील संशोधकांनी २००७ मध्ये ‘नाडी तरंगिणी’ ही प्रणाली मांडली. मनगटावरील तीन दाबसंवेदकांद्वारे ती नाडीच्या लहरी संगणकावर उमटविते. अलीकडे चीनमध्ये व अन्यत्र पातळ, लवचिक संवेदक तयार होत आहेत. कडक संवेदक हात हलताच जागा सोडतो. लवचिक पट्टी त्वचेच्या वळणाशी जुळवून घेते. बोट हलके ठेवले की दाबून, यावर नाडी वेगळी भासते. म्हणून दिलेला दाब मोजणेही आवश्यक ठरते.

तथापि लहर नोंदली म्हणजे तिचा अर्थ लागला, असे होत नाही. आपल्या कोल्हापुरातील तालमीत कसलेल्या मल्लाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० हून कमी असू शकते. ती त्याच्या सुदृढतेचे लक्षण होय. हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा असलेल्या वृद्धाची नाडीही तितकीच मंद असू शकते. तेथे मात्र तातडीने उपचार लागू शकतात. हा भेद यंत्रास शिकवावयाचा तर वय, व्यवसाय व चालू औषधे यांसह असंख्य नोंदी हव्यात. शिवाय एकाच रुग्णाची नाडी स्वतंत्रपणे पाहणाऱ्या वैद्यांचे निष्कर्षही जुळावयास हवेत.

म्हणून आमची भूमिका अशी आहे. उपचारापूर्वीची व नंतरची नाडी नोंदवून अभ्यास करण्यासाठी असे यंत्र स्वागतार्ह आहे. परंतु रक्ततपासणी, ई. सी. जी. किंवा बायोप्सी यांची जागा ते घेऊ शकत नाही. देणगीच्या प्रत्येक रुपयावर या तपासण्यांचा हक्क पहिला आहे, असे आम्ही मानतो.

रुग्णांच्या आप्तांना आमची कळकळीची विनंती आहे. नाडी चांगली आहे, असे कोणी सांगितले म्हणून छातीतील कळ, स्तनातील गाठ किंवा वाढलेली साखर यांची तपासणी पुढे ढकलू नका. अशा विलंबाची किंमत रुग्णास मोजावी लागते.