बाबांनी कॅमेऱ्याला माकडटोपी घातली त्याची गोष्ट

आज घरचीच गोष्ट सांगणार आहे. सांगू की नको असं आठवडाभर चाललं होतं, कारण तिच्यात फजिती माझीच आहे. पण परवा हळदीकुंकवाला आम्ही आठ-दहा जणी बोलत बसलो आणि लक्षात आलं, निम्म्या जणींच्या मोबाइलमध्ये तिकडच्या घरचा कॅमेरा आहे. म्हटलं, बोलूनच टाकू.

माझे आई-बाबा साताऱ्याला असतात, दोघंच. बाबा ८१ वर्षांचे, आई ७६. गेल्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरून पडली. मनगटाला बारीक फ्रॅक्चर. आम्हाला इथे रेडिंगला कळलं नवव्या दिवशी, तेही शेजारच्या काकूंकडून. बरं, ते नऊ दिवस मी रोज व्हिडिओ कॉल करत होते! आईनं फोन डाव्या हातात धरलेला, उजवा हात शालीत. मी विचारलंही, "शाल कशाला गं?" तर म्हणे, "पाऊस लागून राहिलाय, गारठा आहे." साताऱ्याचा पाऊस मला माहीत आहे, त्यामुळे पटलं.

कळल्यावर आईचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दिवाळीत गेले तेव्हा दोन-अडीच हजारांचा वायफाय कॅमेरा आणला आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर बसवला. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "बघ बाई, तुझं समाधान होत असेल तर."

समाधान झालं, नाही म्हणत नाही. ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन थरथरायचा आणि दिसायचं, बाबा पेपर वाचताहेत. पण हळूहळू माझं बोलणं बदललं. "आज दुपारी झोपली नाहीस का?" "बाबा, गोळी जेवणाआधी घेतलीत ना?" "तो माणूस कोण आला होता? इतका वेळ बसला?" मी विचारपूस करतेय असं मला वाटत होतं. तिकडे आई भाजी निवडायला हॉलऐवजी स्वयंपाकघरात बसायला लागली. बाबा धोतर वर घेऊन गुडघ्याला तेल चोळायचे, ते आतल्या खोलीत गेले. म्हणजे कॅमेऱ्यात उरला नुसता सोफा.

जानेवारीतली गोष्ट. दुपारी एक वाजता, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेसहाला, मी डबा खाताना बघितलं तर स्क्रीन काळीकुट्ट. फोन केला, उचलेना. पाच वेळा केला. मग काकूंना फोन, काकूंनी मुलाला हाक मारली, मुलानं खालच्या दुकानातल्या पोऱ्याला पहार घेऊन बोलावलं. कुलूप तोडणार एवढ्यात आई-बाबा भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना दिसले. फिरायला गेले होते. आणि कॅमेऱ्यावर बाबांची माकडटोपी, कानापर्यंत नीट ओढून घातलेली.

रात्री बाबांचा फोन आला. आता हे सांगायला हवं की बाबा कोर्टात बेलिफ होते. म्हणाले, "अगं, जप्तीचा हुकूम हातात असला तरी सूर्य मावळल्यावर कुणाच्या राहत्या घरात पाय टाकता येत नाही. कायदा आहे. मी नोकरीभर पाळला. आणि तुझा हा डोळा माझ्या घरात रात्रभर उघडा?" मग मला पुट्टस्वामी खटलाही ऐकवला. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो अर्ज करणारे निवृत्त न्यायमूर्ती स्वतः ऐंशी ओलांडलेले होते, हे विशेष जोर देऊन.

मी म्हटलं, "बाबा, आणि आई पुन्हा पडली तर?" ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "ती भीती आम्हालाही आहे. म्हणून काय दिवसभर परीक्षेला बसायचं?"

माझा १५ वर्षांचा मुलगा शेजारी बसून ऐकत होता. म्हणाला, "आजोबा बरोबर आहेत. तू माझंही लोकेशन बघतेस." त्याला मी झोपायला पाठवलं. उत्तर अजून दिलेलं नाही.

शेवटी तडजोड आईनं काढली. आयएसडी महाग होतं तेव्हा आपण मिस्ड कॉल द्यायचो, आठवतं? आता रोज सकाळी चहा झाला की आठ वाजता ती मला मिस्ड कॉल देते. इकडे पहाटेचे अडीच, उन्हाळ्यात साडेतीन. फोन मुका असतो, उठल्यावर बघते. नाही दिसला तर काकूंना फोन, त्यांच्याकडे किल्ली आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, जो खरं तर कॅमेऱ्याच्या आधी बसवायला हवा होता. कॅमेरा दारासमोर जिन्यात लावलाय. त्यात मुख्यतः मांजर दिसतं.

गेल्या मंगळवारी मिस्ड कॉल आला नव्हता. सहा वाजता उठून बघितलं तर काहीच नाही, आणि माझे हात कापायला लागले. काकूंना लावणार तेवढ्यात आईचाच फोन. दूध उतू गेलं आणि ती विसरली. म्हणाली, "घाबरलीस?" मी म्हटलं, "नाही गं, आत्ताच उठले."

मागून बाबांचा आवाज आला, "खोटं बोलतेय ती. तुझ्यावर गेलीय."