परक्यांच्या साक्षी आणि आमचा इतिहास
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



इस्लामच्या आरंभकाळाविषयी परधर्मीयांनी जे लिहून ठेवले, ते मुसलमानाने वाचावे काय, आणि कसे वाचावे, या प्रश्नावर मी बोलणार आहे. आमचे काही धर्मबांधव असे लेखन निंदा म्हणून दूर सारतात. आमच्या द्वेष्ट्यांना त्यातले एखादे वाक्य काठीसारखे हाती हवे असते. ते समग्र वाचण्याचे कष्ट मात्र दोघेही घेत नाहीत.

पैगंबरांचे निधन इ. स. ६३२ मध्ये झाले. त्यांचे चरित्रकार इब्न इसहाक ७६७ च्या सुमारास वारले आणि ते चरित्र आज मिळते ते मुख्यतः इब्न हिशाम यांच्या संपादनातून. त्यांचे निधन ८३३ चे. ग्रीक, सिरियाक व आर्मेनियन भाषांतील काही नोंदी मात्र सातव्या शतकातल्याच आहेत. म्हणून त्यांना मोल आहे.

'डॉक्ट्रिना याकोबी' या ग्रीक ग्रंथातील संवाद ६३४ मध्ये घडल्याचे दाखविले आहे. अरबांत प्रकटलेला पैगंबर खोटा आहे, कारण तो तलवार घेऊन आला, असे त्यात म्हटले आहे. श्रद्धावंताचे मन हे वाचून दुखावते. पण बोलतो कोण? सम्राट हेराक्लियसने ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा करविला, त्या काळातील हा ख्रिस्ती प्रचारग्रंथ. वार्ताही पत्रातून आलेली, ऐकीव. पैगंबर तेव्हा हयात असल्याचा भास त्यात होतो. ते आमच्या परंपरेशी जुळत नाही. अशी विसंगती झाकू नये, तिचा अभ्यास करावा.

सेबेओसच्या नावावरील आर्मेनियन इतिहास ६६० नंतरच्या दशकातला. त्यात मुहंमद हे व्यापारी होते, त्यांनी अब्राहमचा ईश्वर शिकविला आणि मद्य, असत्य व व्यभिचार निषिद्ध ठरविले, असे सांगितले आहे. हा लेखक अरबांचा मित्र नव्हे. तरीही त्याची साक्ष आमच्या परंपरेच्या जवळ येते. पूर्वेकडील चर्चचे प्रमुख इशोयाब तिसरे अरब राज्यकर्ते मठांचा व पाद्र्यांचा मान राखतात असे लिहितात. तेच दुसरीकडे, धर्म राखायचा तर अर्धी मालमत्ता सोडावी लागते, अशीही नोंद करतात. पहिले वाक्य आम्ही उचलायचे आणि दुसरे द्वेष्ट्यांनी, हा प्रामाणिकपणा नव्हे.

मला सर्वांत बोलका वाटतो तो इजिप्तमधील ६४३ चा एक पपायरस. बिस्मिल्लाने आरंभ होणारी, ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांतील ही पावती ६५ मेंढ्यांची आहे. अरब सैन्यासाठी घेतलेल्या या मेंढ्या पुढील करात वळत्या होणार होत्या. ग्रीक मजकूर लिहिणारा योहान हा चर्चचा सेवक. नव्या सत्तेचे ओझे कोणाच्या गोठ्यावर पडले आणि तिचा हिशेब कोणी लिहिला, हे त्या चिठ्ठीतून कळते.

१९७७ मध्ये पॅट्रिशिया क्रोन व मायकेल कुक यांनी प्रायः परक्यांच्याच साक्षींवर 'हॅगरिझम' हा ग्रंथ रचला. त्याचे मुख्य निष्कर्ष पुढे बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले नाहीत. परका म्हणून खोटा नाही, तसा परका म्हणून निःपक्षपातीही नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांवर भर दिला, आणि शिवकालासाठी इंग्रज वखारींची पत्रेही आपण तपासतो. तीच कसोटी येथे लावावी. श्रद्धा ही ज्याची त्याची. पुराव्याचा तराजू मात्र सर्वांना एकच हवा. जो समाज आपला इतिहास स्वतः तपासत नाही, त्याचा इतिहास इतर लोक आपल्या सोयीने सांगतात.