हुन्नर-शिक्षणाचा हिशेब कोणी मागायचा?

(कोरेगाव भीमा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, संसद दिल्लीला, आपण भीमेच्या काठी. तिथल्या चौकशीचा आपल्या मुलांच्या शिक्षणाशी संबंध काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. मी काही राजकारणी नाही, व्याख्याताही नाही. माझी उमेदीची वर्षे यंत्रशाळेत, हाती कानस आणि व्हर्नियर घेऊन मुलांना फिटरचे काम शिकवण्यात गेली. तेव्हा जे सांगायचे ते कारागिराच्या भाषेत सांगेन.

प्रथम आपल्याच घरांकडे पाहू. आपली आडनावे पाहा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा. मणियार बांगड्यांचा, आतार सुगंधी द्रव्यांचा, तांबोळी पानांचा. आपल्या वाडवडिलांचा हुन्नर आपण नावात घेऊन फिरतो. त्या काळी पोराला प्रमाणपत्र कोणी दिले नाही. त्याने धार लावलेली कात्री कापडावर सरळ चालली, तर तो शिकला. अडली, तर नाही शिकला. गिऱ्हाईक हाच परीक्षक होता आणि त्याच्यापुढे लबाडी चालत नव्हती.

ते दिवस गेले. गाद्या कारखान्यात होऊ लागल्या, बांगड्या दुकानात आल्या. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. सकाळी नगर रस्त्याने कंपन्यांच्या बसगाड्या जातात, त्यांत आपलीही मुले बसलेली असतात. त्यांतली किती कुशल कारागीर म्हणून जातात आणि किती कंत्राटदाराच्या हजेरीवर माल उचलायला जातात, हे प्रत्येकाने आपापल्या आळीत मोजून पाहावे. कारखाना दाराशी आला, पण हुन्नर घरातून गेला, अशी आपली स्थिती झाली आहे.

हाताचे काम आणि शाळेचे शिक्षण एकत्र असावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले, असा तिचा ठराव होता. त्याचा अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. हुन्नराला विद्येच्या पंक्तीला बसवण्याचे काम एका मुस्लिम शिक्षकाच्या हातून आपल्या महाराष्ट्रातल्या वर्ध्याला झाले, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आणि त्या विचाराचे जिवंत उदाहरण पाहायला वर्ध्यालाही जाण्याची गरज नाही. शिक्रापूरवरून रस्ता पाबळला जातो. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ते अमेरिकेत शिकलेले अन्नतंत्रज्ञ, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले. ते सारे सोडून आपल्या शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी गावात येऊन राहिले आणि शाळा सुटलेल्या मुलांना हाती घेतले. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, जमीन मोजणी, कोंबडीपालन, अन्नप्रक्रिया हे सगळे मुले प्रत्यक्ष करून शिकत. फळ्यावरचे पायथागोरस छपराच्या कैच्या जोडताना समजे. शाळांसाठीही त्यांनी आठवड्यातून एक दिवस हाताच्या कामाचा अभ्यासक्रम बसवला. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ उभारली, ती याच पाबळला. चांगले ग्रामीण प्रशिक्षण आपल्या तालुक्यात होऊ शकते, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून वाईट प्रशिक्षणाला आपल्याकडे सबब उरत नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. नावे सांगणार नाही. आमच्या ओळखीचा एक मुलगा दहावीनंतर घरी बसला होता. एका प्रशिक्षण केंद्रात वीजतंत्रीचा अल्पमुदतीचा वर्ग निघाला, तेथे तो गेला. दोन महिन्यांनी प्रमाणपत्र मिळाले, आईने ते काच लावून भिंतीवर टांगले. पुढे माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच्या हाती टेस्टर दिला. त्याला फेज आणि न्यूट्रल ओळखता येईना. पोर हुशार होते, दोष त्याचा नव्हता. त्याची आई मला म्हणाली, “सर, हा कागद खोटा आहे का?” मी म्हटले, “आपा, कागद खरा आहे. शिकवणे खोटे होते.”

तेव्हा तिने भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवले. दूधवाल्याचे खाडे मांडतात ना, तसे तिने वर्गाचे खाडे मांडले होते. ज्या दिवशी शिकवले त्या दिवशी टिंब, ज्या दिवशी मुलगा जाऊन हात हलवत परत आला त्या दिवशी फुली. दोन महिन्यांत टिंबे एकवीस होती, बाकी फुल्या. मी ते पाहिले, मान हलवली आणि म्हणालो, “जाऊ द्या, आपा.” बंधु-भगिनींनो, त्या “जाऊ द्या” ची मला आज लाज वाटते. ते कॅलेंडर म्हणजे पुरावा होता. मी त्यावरून एक साधा अर्ज लिहू शकलो असतो. लिहिला नाही. वर्ष संपले, कॅलेंडर रद्दीत गेले. मुलगा अजून कंत्राटदाराकडे माल उचलतो.

आता दिल्लीची गोष्ट ऐका. ‘प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना’ २०१५ साली सुरू झाली. तिची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्यांना आपण कॅग म्हणतो, त्यांनी केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो अहवाल संसदेपुढे ठेवला गेला. त्यात काय निघाले? असंख्य लाभार्थ्यांच्या बँक खात्यांचे रकाने कोरे, किंवा तेथे नुसते एकावर एक एक लिहिलेले. वेगवेगळ्या उमेदवारांच्या नावापुढे एकच छायाचित्र. प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी रोजगार लागलेले सुमारे ४१ टक्के. त्याआधी २०२२ साली श्रम व कौशल्य विकासाचा विषय पाहणाऱ्या संसदीय स्थायी समितीनेही याच योजनेचा अहवाल दिला होता. मध्येच वर्ग सोडणारी मुले, न वापरलेला निधी, रोजगाराचे थोडे प्रमाण, ही दुखणी तिनेही दाखवली होती.

कॅगने मोठ्या यंत्रणेने जे शोधले, त्याच जातीचे दुखणे या माउलीने पेन्सिलीने शोधले होते. फरक इतकाच की, तिचा कागद स्वयंपाकघराबाहेर गेला नाही.

तो बाहेर कसा न्यावा, हे विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. लोकसभेचा पहिला तास प्रश्नांचा असतो. खासदार साधारण पंधरा दिवस आधी लेखी प्रश्न देतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभे राहून उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला छापील उत्तर मिळते. उत्तरात मंत्र्यांनी आश्वासन दिले, तर ते तीन महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा असते आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती असते. १९९३ पासून खात्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सभासद बसतात. शिवाय कोणाही नागरिकाला लोकसभेकडे विनंतीअर्ज करता येतो. तो मराठीत लिहिला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे, आणि तो सादर करण्यासाठी खासदाराची सही घ्यावी, एवढेच. आपले कोरेगाव शिरूर लोकसभा मतदारसंघात, तर शेजारचे दौंड बारामती मतदारसंघात. म्हणजे या भागातली एक तक्रार दोन खासदारांपर्यंत पोहोचू शकते. मग ते कोणत्या पक्षाचे आहेत, हा प्रश्न नाही.

प्रश्न विचारून काय होते, असे कोणी म्हणेल. आपल्या पुण्याच्या नामदार गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. गोखले १९१५ साली वारले. पण सभागृहात विचारलेला तो प्रश्न मेला नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली केला. शंभर वर्षे लागली हे खरे, पण प्रश्नच विचारला नसता तर उत्तर कोणाकडे मागितले असते?

आपल्या समाजाचेही तसेच. सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरमध्ये संसदेत मांडला गेला, तेव्हा सहा ते चौदा वयाची आपली चारांतली एक मुले शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा गळाली, हे देशापुढे आले. दुखणे आधीही होते. मोजले गेले तेव्हा त्याची चर्चा झाली.

तर आपण काय मोजायचे? माझ्या मते चार गोष्टी पुरेत.

पहिली, वर्ग खरोखर किती दिवस झाला, आणि हत्यार मुलाच्या हाती किती तास होते. दुसरी, वर्ग संपल्यावर एका वर्षाने मुलगा कोठे आहे. नोकरी लागल्याच्या दिवशी फोटो सगळेच काढतात. वर्षानंतरचा पगार सांगा. तिसरी, आपला वाटा. ग्रामीण तरुणांसाठी २०१४ साली निघालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या नियमांत अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के आणि महिलांसाठी एक तृतीयांश जागा धरल्या होत्या. आपल्या तालुक्यात अशा जागांवर प्रत्यक्ष कोण बसले, हे विचारायला हवे. चौथी, कारखाने. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी असे किती उमेदवार घेतले, त्यांत शिरूर-दौंडचे किती? हा प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येतो. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. ते उत्तर जोडून खासदारांना पत्र लिहा.

पण दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आपली वही आधी स्वच्छ ठेवावी. पालकांनो, वर्ग न होता हजेरीपत्रकावर सही आपणच करतो ना? विद्यावेतनाचे दोनशे-पाचशे हाती पडले की गप्प आपणच बसतो ना? मुलीला शिवणाच्या पलीकडे दुसरा हुन्नर असू शकतो, हे आपल्याच मनात येत नाही. ती वीजतंत्री होऊ शकते, प्रयोगशाळेत काम करू शकते, संगणकावर यंत्राचा आराखडा काढू शकते. आणि दहावी नापास झाला की “आता काम बघ” म्हणून पोराला बसमध्ये बसवतो, तेही आपणच. दोन वर्षे आयटीआयला घातला असता तर पुढची तीस वर्षे तो कारागीर म्हणून उभा राहिला असता.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. जो वर्ग लावाल, जे प्रशिक्षण घ्याल, त्याचे रोज दोन ओळी टिपण ठेवा: आज काय शिकलो, हाताने काय केले, शिक्षक आले की नाही. ही वही अभ्यासाला उपयोगी पडेल आणि वेळ आली तर पुरावा होईल. संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे की, अशा वह्या वर्षातून एकदा एकत्र पाहाव्यात आणि त्यांतून निघालेले प्रश्न संस्थेच्या नावाने पाठवावेत. त्यासाठी इमारतनिधी लागत नाही. टपालखर्च लागतो.

आणि त्या माउलीला, जी कदाचित या सभेत बसली असेल, मला इतकेच सांगायचे आहे: आपा, पुढच्या वेळी कॅलेंडर रद्दीत टाकू नका. माझ्याकडे आणा. अर्ज मी लिहीन.