गोळी चालू, तरी बी.पी. का उतरत नाही?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतकरी आळशी आहे म्हणून गरीब आहे, असं सांगणारे शहाणे तुम्ही पुष्कळ पाहिलेत. दवाखान्यातही तसंच एक वाक्य ठरलेलं असतं : पेशंट गोळ्या घेत नाही, म्हणून त्याचं बी.पी. उतरत नाही. मी डॉक्टर. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. आज माझी चूक तुमच्यापुढं सांगायला उभा आहे.

माझ्याकडे एक कापूस पिकवणारे शेतकरी येत. दर खेपेला बी.पी. 170 च्या वर. मी रागवायचो, ते खाली मान घालून ऐकायचे. एकदा त्यांची बायको बरोबर आली. तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. बी.पी.च्या गोळ्या बरोबर संपलेल्या होत्या. शेजारी दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं. म्हणाली, "गुडघ्यासाठी रोज दोन घेतात. त्याबिगर फवारणीचा पंप पाठीवर घेववत नाही."

मी कधी विचारलंच नव्हतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी साठतं, बी.पी. चढतं, बी.पी.च्या औषधाचा जोरही कमी होतो. त्या बंद करून गुडघ्यावर दुसरा इलाज केला. दोन महिन्यांत बी.पी. 140 च्या खाली आलं. पण मूत्रपिंडांचं नुकसान होऊन गेलं होतं. ते भरून येत नाही.

जगात 30 ते 79 वयाच्या बी.पी.च्या रुग्णांत पाचांपैकी जेमतेम एकाचंच बी.पी. आटोक्यात आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली सांगितलं. म्हणजे चारजण बेशिस्त? नाही. कारणं शोधायला हवीत.

पहिलं कारण, गोळी मध्येच सुटते. बी.पी. दुखत नाही. बरं वाटलं की माणूस गोळी सोडतो. सुगीत दवाखान्यात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वर एस.टी.चं भाडं. गेलं तर कधी औषध शिल्लक नसतं. म्हणून एकदम महिन्याच्या गोळ्या मागून घ्या.

दुसरं, मीठ. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढं. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यांतलंही त्यातच धरायचं. दारूनं बी.पी. चढतं. तंबाखू आणि मिश्री रक्तवाहिन्यांना घातक.

तिसरं कारण आम्हा डॉक्टरांचं. आकडा 160 दिसतो आणि आम्ही तीच गोळी पुन्हा लिहून देतो. पुष्कळांना दोन औषधं लागतात. घाईत चुकीचं मोजतो, तेही आहेच. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीला ठेवून मोजायचं. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको.

तेव्हा पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून आणलेल्या, शेजाऱ्यानं दिलेल्यासुद्धा. आकडा कागदावर लिहून मागा. तो 140/90 च्या वर राहत असेल तर विचारा : "डॉक्टर, का उतरत नाही?" स्वतःच्या मनानं मात्र गोळी बंद करू नका.

बाजारात काट्यावर नजर ठेवता ना? दवाखान्यातल्या आकड्यावरही ठेवा.